पाचव्या महिन्यात उभी राहिलेली पैलवान

"हात लावू नगंस हरिबा, लांबनं बघ. आता एक हात सोडतो बघ हां."

"सोडू नगंस गड्या. पडंल पोर."

"पडायला ती काय तुझ्या गिरणीतलं पोतं हाय व्हय? जोतीरामाची नात हाय ती."

आणि जोतीरामानं खरंच एक हात सोडला. दुसऱ्या हातानं पोरीची बगल धरलेली, एवढाच आधार. पोरगी हलली नाही. चवड्यावर उभी, टाचा वर, दोन्ही मुठी आवळलेल्या, गुडघे असे ताठ की कुणी तिथं हाडाऐवजी बाभळीची मेख बसवलीय की काय वाटावं. तालमीपुढच्या लिंबाखाली जमलेल्या माणसांनी टाळ्या पिटल्या. पाच महिन्यांचं पोर उभं राहिलेलं कुणाच्या बापानं बघितलं नव्हतं.

मघापर्यंत जोतीरामाच्या मांड्यांत एक मेंढी होती. जानेवारीची कातरण चाललेली. मयूरी, त्याची सून, पोरीला घेऊन भाकरी द्यायला आली आणि जोतीरामानं कातर टाकून नात उचलली. मेंढीला तेवढीच संधी. एका अंगानं बोडकी, एका अंगानं ढगासारखी फुललेली, अशी ती निम्मी कातरलेली मेंढी बाभूळवाडीच्या आळीतनं पळत सुटली ती कुणाला सापडली नाही. नंतरही पुष्कळ दिवस हाती लागली नाही. गावाला तिची सवय झाली. पोरं तिला उजवीकडनं बघून एका नावानं हाक मारायची आणि डावीकडनं बघून दुसऱ्या.

सगळे हसत होते, पण हरिबा हसला नाही. तो गिरणीवाला. जोतीरामाच्या बरोबरीचा, एका तालमीतला, एका वस्तादाचा मार खाल्लेला. तो पोरीच्या पायांकडं बघत राहिला आणि म्हणाला, "असं उभं ऱ्हाणं मी बघितलंय गड्या." एवढं बोलून पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशा पुसत गिरणीकडं गेला.

जळतंय, असं जोतीराम म्हणाला. त्याच्या नातवंडांत कुणी उभं राहत नाही ना, म्हणून जळतंय.

जोतीरामाचं सगळं आयुष्य कुस्तीत गेलं आणि त्यातली निम्मी कुस्ती पाठीवर पडून गेली. अंगानं हत्ती. उंची अशी की एसटीत शिरताना टोपी काढावी लागायची. पण वाकणं नाही. वस्ताद हातातली छडी गुडघ्याच्या खोबणीत मारायचे आणि ओरडायचे, "अरं लाकडी खांबा, गुडघ्यात वाक. ताठ माणूस उभा नसतोय, पडायचा ऱ्हायलेला असतोय." पुढं एका जत्रेत एका काडीपैलवानानं, ज्याचं वजन जोतीरामाच्या एका मांडीएवढं असेल नसेल, खाली बसून त्याच्या पायाला हात घालून पट काढला आणि त्याला असा सपाट केला की पाठीला लागलेली माती बायकोनं, रंगुबाईनं, संध्याकाळी दोन घागरी पाण्यानं धुतली. त्या दिवसापासनं जोतीराम मेंढरांकडं वळला, पण तालीम सुटली नाही. रोज पहाटे कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसून गावच्या पोरांना ओरडायचा. आणि ओरडायचा काय, तर वस्तादाचंच. गुडघ्यात वाक, गुडघ्यात वाक. तालमीतल्या साळुंक्याही म्हणे तेवढंच बोलायला शिकल्या होत्या.

पोरगा तानाजी कुस्तीत आला नाही. फौजेत गेला आणि लडाखात जाऊन बसला. मग नात झाली, प्रांजल. आता पोरीही कुस्ती खेळतात, मेडल आणतात, हे जोतीरामानं मोबाईलवर बघितलेलं. पोरगी उभी राहिली तशी त्यानं आटपाडीच्या शिंप्याकडून लाल रंगाचा, वीतभर मापाचा कुस्तीचा ड्रेस शिवून आणला. शिंप्यानं विचारलं, माकडाचा खेळ हाय का? जोतीराम त्याच्याशी महिनाभर बोलला नाही. बदामाचा खुराक सुरू करायला निघाला, तेव्हा मात्र रंगुबाईनं दगडी खलबत्ता उचलून घरात नेला आणि दाराला आतनं कडी घातली.

मयूरी शिराळ्याची. पोर तिथंच झालेलं, माहेरी, नागपंचमीच्या ऐन गर्दीत. अजून दीड-दोन महिने अवकाश होता. सगळं गाव रस्त्यावर, डॉल्बी, ट्रॅक्टर, आणि मयूरीची रिक्षा मधोमध. दवाखान्यात पोचल्यावर पोरगी आली ती मुठीएवढी. रडलीसुद्धा उशिरा, डॉक्टरांनी बरंच तोंडात-नाकात नळ्या घातल्यावर. मग काचेच्या पेटीत. मग कावीळ, निळ्या दिव्याखाली. अंगावर प्यायला लागेपर्यंत मयूरीचं काळीज वाऱ्यावर होतं. त्यातनं वाचलेल्या पोरीला आता सगळं गाव पैलवान म्हणत होतं आणि मयूरीला काही पटत नव्हतं.

दुपटं बांधताना पोरीचे पाय उघडायचे नाहीत, एकावर एक चढायचे. मयूरीनं तसं म्हटलं, तर जोतीराम म्हणायचा, "पट काढू देत न्हाई ती. जातिवंत हाय." पोरगी सगळं डाव्या हातानं घ्यायची, उजवी मूठ मिटलेलीच. एकेक बोट सोडवून आतली लोकर काढावी लागायची. मेंढरांचं घर, लोकर उडायची ती त्या मुठीत जाऊन बसायची आणि रोजच्या रोज तिथं एक लहानसा गोळा तयार. जोतीराम म्हणायचा, "डावरी हाय. डावऱ्या पैलवानाचा डाव कुणाला वळखू येत न्हाई." आठवा महिना संपत आला तरी पोर बसत नव्हतं. बसवलं की फळीसारखं मागं जायचं. "पैलवान बसतोय कवा?" म्हणायचा जोतीराम, आणि स्वतः मात्र दिवसभर लिंबाखाली बसून असायचा.

मिरजेला लहान मुलांच्या डॉक्टरकडं नेऊया, असं मयूरी दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मामंजींनी पैलवानाला दवाखाना कशाला म्हणून उडवून लावलं. तिसऱ्या वेळी मयूरी शहाणी झाली.

"मामा," ती म्हणाली, "हरिबाकाका गावभर सांगत्यात, ह्यात काय नवल न्हाई म्हणून. आपल्या बोलण्याला कोण इचारतंय? मिरजेच्या मोठ्या डॉक्टरनीच सांगितलं तर?"

जोतीरामानं भाकरीचा घास तसाच धरला. मग उठला, खुंटीवरचा फेटा काढला आणि विचारलं, पहिली गाडी कवा हाय?

मोबाईलात आवाज भरून घ्यायचं मयूरीनंच शिकवलं. लाल टिकली दाबायची आणि खिशात ठेवायचा. डॉक्टरांचा शब्द न शब्द भरून आणायचा आणि जत्रेच्या दिवशी तालमीत सगळ्यांसमोर लावायचा, असा बेत. कारण जत्रेत तर त्यानं आणखी मोठं काम करून ठेवलेलं. मैदानाच्या पंचांना सांगून टाकलं होतं की यंदा पहिल्या कुस्तीआधी माझी नात हौद्यात उभी राहील. पंचांनी हलगीवाल्यालाही सांगितलं होतं.

मिरजेच्या डॉक्टर अपूर्वा मूळच्या वाईच्या. वयानं मयूरीएवढ्याच. त्यांनी जोतीरामाला मधे तोडलं नाही, इथंच त्याचं त्यांच्याविषयी चांगलं मत झालं. त्यांनी पोर कसं जन्मलं ते विचारलं आणि मयूरीनं तोंड उघडायच्या आत जोतीरामानं सगळी नागपंचमी, डॉल्बी, रिक्षा, काचेची पेटी, निळा दिवा, असं मैदानावरच्या भोंग्यातनं सांगावं तसं सांगितलं. बाई मधूनमधून लिहीत होत्या. कितव्या महिन्यात? वजन किती? रडायला किती वेळ? कावीळ किती चढलेली? झटके आले का कधी? जोतीरामाला वाटलं, पोरीची कुस्तीची कामगिरी लिहून घेत्यात.

मग त्यांनी टेपनं डोक्याचा घेर मोजला. खुळखुळा पुढं धरला, प्रांजलनं डावा हात टाकला. बाईंनी तो डावा हात हळूच धरून ठेवला आणि खुळखुळा परत पुढं केला. आता पोरीचं तोंड पुढं गेलं, डोळे पुढं गेले, जीभसुद्धा बाहेर आली, पण उजवा हात कोपरात वाकून छातीला चिकटला आणि मूठ आणखीच घट्ट झाली. मग दोन्ही हात धरून उठवायला बघितलं, तर पोर बसायच्या ऐवजी थेट उभंच राहिलं. जोतीरामानं मांडीवर थाप मारली. बाईंनी पोरीचा पाय घेतला आणि पंजा झटकन वर दाबला. पंजा आपोआप वरखाली धडधडायला लागला, थांबेना.

"बघा बघा, शड्डू ठोकतीया," जोतीराम म्हणाला.

डॉक्टरबाई हसल्या. खरंच हसल्या, अगदी डोळे मिटून. मग हसू थांबलं आणि त्यांनी पोरीला मयूरीच्या मांडीवर दिलं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "ती उभी राहत नाहीये. तिला वाकता येत नाहीये."

पुढची एक-दोन वाक्यं जोतीरामाला ऐकूच आली नाहीत. कानात वस्तादाची छडी वाजत होती. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी मार खाल्ला, पहाटे उठून जी एक गोष्ट शंभर पोरांना ओरडून सांगितली, तीच घरात दोन पायांवर उभी राहिली तेव्हा त्यानं तिला लाल ड्रेस शिवला होता. असा डाव त्याच्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. त्याला एकदम हसू आलं, चुकीच्या जागी आलं, आणि ते दाबताना त्याचा फेटा सुटला.

फेटा गुंडाळत त्यानं बाकीचं ऐकलं. दुखण्याचं नाव सेरेब्रल पाल्सी. बाईंनी ते दोनदा, सावकाश सांगितलं. मेंदूच्या ज्या भागातनं हातापायांना हुकूम सुटतो, त्या भागाला पोटात असताना, जन्मताना किंवा नंतर थोड्याच दिवसांत इजा होते. पोर फार लवकर आलं, वजन कमी भरलं, श्वास उशिरा घेतला, कावीळ फार चढली, आईला पोटुशी असताना मोठा ताप-जंतू झाला, पोटात जुळं होतं, अशानं धोका वाढतो. पण असली पुष्कळ पोरं धडधाकट निघतात, आणि काहींच्यात कारण शोधूनही सापडत नाही. हे दुखणं वाढत जात नाही. आणि जातही नाही. वर्षाच्या आत एकच हात चालवणं, मूठ न उघडणं, आठ-नऊ महिन्यांत न बसणं, पाय ताठ होऊन एकावर एक चढणं, ही सगळी त्याची चाहूल. लवकर जन्मल्याचे दोन महिने वजा केले तरी एवढं सगळं एकदम जमून येत नाही, म्हणाल्या. मेंदूचा एमआरआय काढायचा, डोळे आणि कान तपासून घ्यायचे, पण त्याच्यासाठी व्यायाम थांबवायचा नाही. तो आजपासून. नाही केला तर स्नायू आखडत जातील. केला तर बसायला, हात वापरायला, काय सांगावं चालायलाही शिकेल. किती शिकेल ते आत्ता कुणी सांगू शकत नाही.

"डोकं?" जोतीरामानं विचारलं.

बाई म्हणाल्या की तेही आत्ताच सांगता येत नाही, पण मघापासनं तुमचा फेटा सुटायची वाट ती बघत होती आणि सुटल्यावर सगळ्यात आधी तीच हसली.

मयूरीनं पोरीला छातीशी घेतलं. म्हणाली, "माझं काय चुकलं काय, बाई?"

"काही नाही."

"गिराण हुतं तवा मी गवारी मोडली हुती."

"ग्रहणाचा काडीचा संबंध नाही," बाई म्हणाल्या. "गवारीचाही नाही. आईनं काही केलं म्हणून झालेलं नाही हे."

मग त्यांनी व्यायाम दाखवले. आणि एक काम बंद सांगितलं. पोरीला उभं करायचं नाही. तळहातावर नाही, बगलेत धरून नाही, लिंबाखाली नाही. कडेवर घ्यायची ती दोन पाय दोन बाजूला टाकून, बसवायची तीसुद्धा कशावर तरी स्वार करून. गुडघ्यात वाकवायची, कमरेत वाकवायची, रोज, हसत-खेळत.

"हे कोण करील घरी?" बाईंनी विचारलं.

"मीच की," जोतीराम म्हणाला. "माझा धंदाच हाय तो."

परतीच्या गाडीत मयूरी खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि पोरगी जोतीरामाच्या मांडीवर, दोन पाय दोन बाजूला. मोबाईलची लाल टिकली चालूच राहिली. त्यात कवठ्यापर्यंतचा कंडक्टर, एका म्हातारीचं कोंबड्यांवरनं भांडण आणि पुढं जोतीरामाचं घोरणंही भरलं गेलं.

रंगुबाईनं ऐकलं, चुलीपुढनं उठून खलबत्ता परत जागेवर आणून ठेवला आणि नातीला कडेवर मारली. पाय दोन्हीकडं. तिच्या आजीनंही पोरं अशीच वागवली होती, त्यात नवीन शिकायचं काही नव्हतं. नवऱ्याला मात्र ती म्हणाली, "आवं, आता तालमीत काय सांगणार?"

तीच तर अडचण होती. जत्रेच्या सकाळी तालमीत सगळे जमलेले. गुलाल, नारळ, हलगी शेकत ठेवलेली. हरिबा आला, त्याची बायको बनाबाई आली, आणि पोरगा अर्जुना गिरणी बंद करून आला. अर्जुना पंचविशीचा. चवड्यावर झुलत चालायचा, उजवा हात छातीशी मुडपलेला, बोलणं जरा ओढून, पण जीभ अशी की गिरणीत दळण टाकायला आलेल्या बायका तेवढ्यासाठी थांबायच्या. गावात त्याचं एकच कारण ठरलेलं. बनाबाईनं गिराणात इळी हातात घेतली होती.

"लाव की रं डॉक्टरनीचं बोलणं," कुणीतरी म्हणालं.

बॅटरी उतरली म्हणायचं, एवढं सोपं होतं. जोतीरामानं मोबाईल काढला. दारात मयूरी उभी होती, पोरीला कडेवर घेऊन. तिच्याकडं एकदा बघितलं आणि टिकली दाबली.

पहिल्यांदा त्याचाच आवाज आला, छाती फुगवलेला. नागपंचमी, डॉल्बी, शड्डू. लोक खदाखदा हसले. मग बाईंचा आवाज. ती उभी राहत नाहीये, तिला वाकता येत नाहीये. हसणं हळूहळू विरलं. जोतीरामानं बंद केलं नाही. कावीळ आली, काचेची पेटी आली, मूठ आली, गवारी आली. शेवटी कंडक्टर आला तेव्हा अर्जुनानंच पुढं होऊन मोबाईल थांबवला.

हरिबा म्हणाला, "आमच्या अर्जुनानं बी पाचव्या महिन्यात उभं राहून दावलं हुतं. ह्याच लिंबाखाली. मी गावात पेढं वाटलं हुतं, तुला ध्यानात न्हाई. तवा कोण वाकवणार त्याला, आमी तर ताठच केला." मग म्हणाला, "तुला कसं सांगू, कळंना. उगं टोचत ऱ्हायलो."

"म्हंजी मी बी पैलवानच हुतो म्हणा की," अर्जुना म्हणाला, "माझा लाल ड्रेस कुठाय?"

तालीम परत हसली. तेवढ्यात बनाबाई पुढं आली. ती आजवर तालमीच्या उंबऱ्याच्या आत आलेली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "ते गिराणाचं परत लावा."

जोतीरामानं शोधून लावलं. बनाबाईनं ऐकलं. परत लावा म्हणाली. मग हरिबाकडं वळून म्हणाली, तुमीबी ऐका, आणि घरी चला, तुमच्या आईलाबी ऐकवायचंय. म्हातारी नव्वदीची, कानानं बहिरी. अर्जुना म्हणाला, तिला भोंग्यावर लावू.

आणि लावलं. दुपारी मैदान भरलं, तेव्हा पंचांच्या भोंग्यातनं कुस्तीच्या आधी डॉक्टरबाईंचा आवाज सगळ्या माळावर गेला. बहिऱ्या म्हातारीला ऐकू गेलं का कुणास ठाऊक, पण तिनं मान हलवली. पंच मात्र गोंधळले. हलगी कडाडली होती आणि ठरल्याप्रमाणं जोतीराम हौद्यात उतरला होता. नातीच्या अंगात लाल ड्रेस. पण ती उभी नव्हती, त्याच्या मानेवर बसलेली, एक पाय इकडं, एक पाय तिकडं, डाव्या हातात आजोबाचा फेटा. मयूरी काठावर दोन्ही हात पुढं करून फिरत होती, पडली तर झेलायला.

पंचांनी भोंगा पुढं केला. जोतीराम म्हणाला, "आमची पैलवान आदी वाकायला शिकतीया. उभं ऱ्हायचं मागनं बघू."

त्यानं एक फेरी मारली. हलगीवाल्याच्या अंगात आलं, त्यानं लय चढवली, तशी दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला ती निम्मी कातरलेली मेंढी कुठनं तरी माणसांच्या पायांतनं घुसली, थेट हौद्यात. एका अंगाला बोटभर नवी लोकर, दुसऱ्या अंगाला हातभर जुनी. पुढं मेंढी, मागं जोतीराम, वर प्रांजल आणि काठानं मयूरी, अशी मिरवणूक फिरली. पोरगी इतकी खिदळली की तिला उचकी लागली. फेटा उलगडून हौद्यात पसरला. नारळ कुणी फोडला कुणाला आठवत नाही, पण खोबरं सगळ्यांना मिळालं.

मेंढी त्या दिवशी पकडली गेली. अर्जुनानं पकडली, पडून, अंगाखाली घेऊन, आणि चितपट केली म्हणून पंचांकडं नारळ मागितला.

दुसऱ्या दिवशी जोतीराम लिंबाखाली बसला. शेजारी घोंगड्याची जाड गुंडाळी, तिच्यावर प्रांजल स्वार, मागनं रंगुबाईचा हात. सकाळचं वाकवणं झालं होतं. त्यात पोरगी दोनदा रडली होती आणि एकदा आजोबाच्या मिशा धरून ओरडली होती. उजव्या मुठीतली लोकर काढली, तीत पुन्हा लोकर जाऊन बसली. एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यात होती. तानाजीला फोनवर सगळं सांगून झालं होतं. त्यानं शेवटी एवढंच विचारलं होतं, मेंढी घावली का?

जोतीरामानं मेंढी मांड्यांत ओढली. ती ताठ झाली, चारी पाय चार दिशांना.

"वाक गं," तो म्हणाला, आणि कातर घेऊन राहिलेल्या अंगाला लागला.